अर्ध्या श्वासाचा उशीर

नाणं उघडं असेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा आमच्या खोलीतला पहिला नियम. बोलताना उडालेला थुंकीचा कण कुणाला दिसत नाही, पण आरशासारख्या चांदीवर तो बसला की महिन्या-दोन महिन्यांनी तिथे ठिपका उमटतो, आणि मग काही केल्या जात नाही. म्हणून आम्ही तिघं परीक्षक बोटांनी बोलतो. एक बोट म्हणजे साधं. दोन बोटं म्हणजे कॅमिओ. तीन म्हणजे डीप कॅमिओ.

आमच्याकडे येतात ती प्रूफ नाणी. ती बाजारात चालवायची नसतात, जपून ठेवायची असतात. ज्या ठशाने ती पाडतात त्याचा सपाट भाग घासून घासून आरसा केलेला असतो आणि चेहऱ्याचा भाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो. नव्या ठशातून निघालेल्या पहिल्या काही नाण्यांवर चेहरा बर्फासारखा पांढरा उठतो आणि भोवतालची चांदी विहिरीच्या पाण्यासारखी काळी दिसते; हा उठाव म्हणजे कॅमिओ, फारच ठळक असला तर डीप कॅमिओ. पुढे ठसा झिजतो, बर्फ वितळावं तसा चेहरा फिका होत जातो. पांढरं किती पांढरं, काळं किती काळं आणि दोहोंत अंतर किती, एवढंच आम्ही सांगायचं. त्यावर नाण्याची पारदर्शक डबी कायमची बंद होते आणि चिठ्ठी लागते.

अंतर मोजायला आमच्याकडे एक मापाचं नाणं आहे. त्यावर दाढीवाल्या म्हाताऱ्याचा चेहरा आहे म्हणून आम्ही त्याला आजोबा म्हणतो. डीप कॅमिओ म्हणायला किमान किती हवं, ते आजोबा सांगतात. त्यांच्याइतकं किंवा त्यांच्याहून ठळक असेल तर तीन बोटं, कमी असेल तर दोन. ते डबीत नसतात, कारण डबीचं प्लास्टिक मध्ये आलं की नजर फसते. मखमलीच्या पेटीत, माझ्या टेबलाच्या खणात ते राहतात. बावीस वर्षं तो खण मी सांभाळला. खणातल्या जुन्या चिठ्ठ्यांना कसर लागली तेव्हा तिचा बंदोबस्तही मीच केला.

सकाळी उठल्यापासून दिवा लावून एकशे आठ नामं होईपर्यंत मी बोलत नाही, हा माझा एक नेम. आणि संध्याकाळी त्याच दिव्यापुढे बसून दिवसभरात काय खोटं बोलले ते मोठ्याने सांगायचं, हा दुसरा. लग्नाच्या आधीपासूनचा. पूर्वी ह्यांना त्याची फार गंमत वाटायची. "आज माझ्याबद्दल काय खोटं बोललीस?" असं दाराआडून विचारायचे. त्यांचं शिलाईचं दुकान होतं, आता बंद केलंय, पण गळ्यातली मोजपट्टी अजून सुटलेली नाही.

गेले कितीतरी महिने मी दिव्यापुढे बसून म्हणत होते, "आज काही नाही." आणि घाईने उठत होते.

सुरुवात कधी झाली ते नेमकं सांगता येणार नाही. एका सकाळी मी नाणं उचललं, आजोबांशेजारी धरलं, दिव्याखाली तिरकं केलं आणि तिथेच थांबले. माझ्या मनाने हे नाणं नुसतं कॅमिओ होतं, डीप नव्हे. दोन बोटं, डोळे मिटून. पण आजोबांशेजारी ते अगदी आजोबांसारखंच दिसत होतं. एवढी वर्षं ज्या दोन गोष्टींतलं अंतर मला लांबून कळायचं, त्या दोन्ही सारख्या दिसत होत्या. मी पापण्या मिटल्या, उघडल्या. सारख्याच.

आईचं असंच सुरू झालं होतं. आधी पांढऱ्या भिंतीवरचं दिव्याचं पांढरं बटण तिला दिसेनासं झालं. ती हाताने भिंत चाचपायची आणि म्हणायची, "बाई, भिंती किती गुळगुळीत करतात हल्ली." आम्ही हसायचो. पुढे दूध किती ओतलं ते कळेना, पेला भरून वाहायचा. मग दार कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते तेही कळेना. शेवटची सहा वर्षं ती खिडकीकडे तोंड करून बसायची, आणि खिडकी मागे असायची.

मी समोर बसलेल्या दोघांकडे पाहिलं. फौजदार आणि धाकटी. फौजदार काही फौजदार नाहीत. मिशा आणि आवाज यांवरून पडलेलं नाव. त्यांनी तीन बोटं वर केली. धाकटीने तीन केली. मी अर्धा श्वास थांबले होते. मग मीही तीन केली.

तो अर्धा श्वास पुढे रोजचा झाला. आम्ही एकदम बोटं उचलायची असा रिवाज, पण एकदम म्हणजे किती एकदम? फौजदारांची बोटं टेबलाच्या कडेवरून सुटताना दिसली की माझी सुटायची. कुणाच्या लक्षात आलं नाही. वयाने मोठी बाई, सावकाश हात उचलते, एवढंच. आणि संध्याकाळी दिव्यापुढे मी मनाची समजूत घालायची. तोंडाने कुठे खोटं बोलले? बोटं काही बोलत नाहीत.

घरी मी चोरून परीक्षा घेऊ लागले. भिंतीवरचं बटण लांबून दिसतंय का. दुधाचा काठ दिसतोय का. सुई ओवता येते का. एकदा ह्यांनी पाहिलं.

"सकाळपासून तीनदा सुई ओवलीस. शिवणार काय आहेस, माझं तोंड?"

"बटण तुटलंय."

"कशाचं?"

मी सुई रिळात खोचली. त्या संध्याकाळी दिव्यापुढे मी म्हटलं, "बटणाचं खोटं बोलले." तेवढंच म्हटलं. सकाळची पोथी दिसायची, पण ती दिसते म्हणून वाचते की पाठ आहे म्हणून, हेच कळत नव्हतं. मध्येच एखादं पान उघडून वाचून बघावं, तर उघडायचं धैर्य होत नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दोनदा गेले. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे. पहिल्या खेपेला पायऱ्यांपाशी डोळ्यांना पट्टी बांधलेला एक माणूस मुलीचा हात धरून उतरत होता, पायाने पायरी शोधत. मी बाजूला झाले, त्यांना जाऊ दिलं आणि त्यांच्या मागोमाग रस्त्यावर आले. दुसऱ्या खेपेला वर कुणी नव्हतं. तरीही आले.

मग कचेरीत एक पत्र आलं.

मोठ्या साहेबांनी आम्हाला तिघांना आत बोलावलं. ते कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांची जास्तच भीती वाटते. टेबलावर दोन बंद डब्या होत्या, दोन्हींवर आमचीच चिठ्ठी, दोन्हींवर डीप कॅमिओ.

"एका संग्राहकाने पाठवल्यात," ते म्हणाले. "ही सहा वर्षांपूर्वीची, ही गेल्या महिन्यातली. बघा."

सहा वर्षांपूर्वीच्या नाण्यावर चेहरा काळ्या पाण्यावर तरंगत होता. गेल्या महिन्यातल्यावर तो राखाडीवर टेकला होता. मला ते स्पष्ट दिसलं. पण एवढा ढोबळ फरक तर अर्धी नजर गेलेल्या डोळ्यांनाही दिसत असेल, असं मला वाटलं.

"कुणाचा तरी डोळा घसरलाय," साहेब म्हणाले. "कुणाचा, ते बघावं लागेल. गुरुवारी एकेकाने आत बसायचं. तिजोरीतली दहा जुनी नाणी देईन, डबीत न घातलेली, आधीचे आकडे झाकून. मापाचं नाणं शेजारी. एकट्याने, कागदावर आकडा लिहायचा. ज्याचं चुकेल त्याने दिव्याखालची खुर्ची सोडायची. दुसरं काम देऊ."

एकट्याने. मी तो शब्द घरी घेऊन गेले.

बुधवारी संध्याकाळी दिव्याची वात पेटवताना माझ्या दोन काड्या वाया गेल्या. हे मागे येऊन उभे राहिले.

"काय झालंय?"

"काही नाही."

"हे लक्षात ठेव, आत्ताच दिव्याला सांगावं लागेल," ते म्हणाले. नेहमीसारखे हसले नाहीत. "अगं, मी माणसांची मापं घेतलीयत चाळीस वर्षं. तू दोन महिन्यांत खांद्याने दोन बोटं आत गेलीयस."

मी सांगणार होते. पण सांगितलं की ते खरं होईल असं वाटलं. मी काडी फुंकली आणि काडेपेटी जागेवर ठेवली.

गुरुवारी आधी फौजदार आत गेले. बाहेर आले ते मिशीवर ताव देतच. "सगळी तीन! बिनचूक," म्हणाले. "साहेबांनी आमची फिरकी घेतली. एकसुद्धा दोनाचं ठेवलं नव्हतं."

"माझीही सगळी तीनच," धाकटी बाहेर येऊन म्हणाली. मग माझ्याजवळ येऊन हळूच, "मावशी, घाबरू नका हो. एवढा देवाचा वास घेऊन फिरता तुम्ही. तुम्ही आलात की देवघरच आत आल्यासारखं वाटतं. तुम्हाला काय होणार?"

मी हसले. माझ्या कपड्यांना, बोटांना कापराचा वास सदाचाच. मला स्वतःला तो येतही नाही.

खोलीत एकच दिवा, एकच खुर्ची. दहा नाणी ओळीने. शेजारी आजोबांची उघडी पेटी. दार लागलं आणि घड्याळाचा आवाज मोठा झाला.

पहिलं नाणं धरलं. आजोबांशेजारी नेलं. आजोबांहून ते ठळक होतं, फार ठळक. तीन लिहिलं. दुसरं. तेही आजोबांहून ठळक. तीन. तिसरं अगदी आजोबांएवढं. माझं मन म्हणालं, हे दोनाचं आहे. हात म्हणाला, तीन लिही, फौजदारांनी तीनच लिहिलंय. सवयीने मी समोर पाहिलं. समोर भिंत होती, पांढरी, आणि तिच्यावर दिव्याचं पांढरं बटण. मला ते दिसत होतं. कडा, मधला खळगा, वरचा पुसट डाग, सगळं.

मी तिथेच अडले. पेन्सिल खाली ठेवली आणि जे बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. आजोबांची पेटी बाजूला सारली. पहिलं नाणं आणि तिसरं नाणं शेजारी शेजारी धरलं, आजोबांशिवाय.

रात्र आणि पहाट असावी एवढा फरक होता.

डोळ्यांना दिसत होता. पहिलं तिनाचं, तिसरं दोनाचं. चौथं दोनाचं. पाचवं पुन्हा तिनाचं, पण काठावरचं. सहावं, सातवं. सगळ्यांत अंतर होतं. मी एकेक नाणं तिरकं करत गेले. आई, मला दिसतंय.

सुख टिकलं ते तेवढंच. कारण डोळे चांगले असतील, तर मग दोनाचं नाणं आजोबांएवढं कसं?

पेटी पुन्हा जवळ ओढली. श्वास धरून आजोबांवर वाकले. भिंगातून पाहिलं. दाढीचा बर्फ होता, पण मागचं काळं पाणी उरलं नव्हतं. त्यावर साय धरावी तसं काहीतरी होतं, इतकं एकसारखं की डाग म्हणून दिसूच नये. दाढी कुठे संपते आणि आरसा कुठे सुरू होतो, तिथे आता राखाडी होती. डोळा कुणाचाच घसरला नव्हता. मापच घसरलं होतं. आणि आम्ही रोज त्याला लावून लावून सगळं जग मोठं करत होतो.

श्वास संपला म्हणून मी मान वळवून घेतला. नाक पेटीच्या मखमलीशी होतं. तेव्हा मला वास आला. माझा स्वतःचा, देवघराचा.

गेल्या दमट दिवसांत चिठ्ठ्यांना कसर लागली होती. मी घरून कापराच्या दोन वड्या आणल्या, मलमलीच्या तुकड्यात बांधल्या आणि खणाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवल्या. वड्या उडून संपायच्या, मी दुसऱ्या ठेवायची. कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? घरात चांदीच्या निरांजनाशेजारी कापूर असतोच. पण निरांजन आपण रोज घासतो. आजोबांना कुणी घासत नाही, हातही लावत नाही. बंद खणात कापूर उडत राहिला आणि उडालेला जाणार कुठे? उघड्या चांदीवर बसत राहिला. दिवसाला काही नाही. दहा महिन्यांत एवढं.

मी खुर्चीत बसून होते. घड्याळ वाजत होतं. गप्प राहणं किती सोपं आहे, तेही मला दिसत होतं. खणातली मलमलीची पुरचुंडी गुपचूप मुठीत घेऊन जायचं. बाकीच्यांचे आकडे चुकलेत, माझे बरोबर आहेत. मी जिंकले असते. फौजदारांनी आणि धाकटीने खुर्च्या सोडल्या असत्या.

मी दार उघडलं. "साहेब," म्हटलं, "ॲसिटोनची बाटली आणि तुमची सही हवी. आजोबांना धुवायचंय."

मापाच्या नाण्याला हात लावायचा तर साहेबांची सही लागते. त्यांनी कारण विचारलं नाही. माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. चौघं उभे राहिलो. मी आजोबांना कडेने चिमटीत धरलं, काचेच्या वाटीतल्या ॲसिटोनमध्ये सोडलं, हलवलं, दुसऱ्या स्वच्छ वाटीत हलवलं, वर काढलं. पुसायचं नसतं, ते आपोआप उडतं. आम्ही वाट पाहिली. कुणी बोललं नाही, नाणं उघडं होतं.

दिव्याखाली तिरकं केलं आणि दाढी उसळून वर आली. मागे काळं, खोल, तळ नसलेलं पाणी.

धाकटीने तोंडावर हात ठेवला. साहेबांनी परवा आम्ही तीन बोटं केलेलं एक नाणं ट्रेमधून काढलं आणि आजोबांशेजारी धरलं. दोन बोटंसुद्धा उदार होऊन द्यावीत असं. दुसरं काढलं. तिसरं. मग पेटी बंद केली.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

मी कापराचं सगळं सांगितलं. खणातून पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. "दहा महिने ठेवतेय. माझ्या लक्षात यायला लागलं त्याला आठ महिने झाले."

"लक्षात आलं होतं?"

इथे गप्प बसले असते तरी चाललं असतं. कापराची चूक भाबडेपणाची होती, त्याबद्दल माणसं चुकचुकतात आणि सोडून देतात. हे दुसरं माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मला वाटलं माझे डोळे जातायत. आईचे गेले तसे. म्हणून मी स्वतःचं मत दिलंच नाही. फौजदारांची बोटं उठली की मी उचलायची. आठ महिने."

मग फौजदारांचा तो मोठा आवाज अगदी बारीक होऊन आला. "माझी बोटं?"

"हो."

"अहो बाई," ते म्हणाले, "मी तर तुमच्या तोंडाकडे बघायचो. नाणं वळवताना तुमच्या कपाळाला आठी पडली तर दोन, नाहीतर तीन. गेले कित्येक महिने तुमच्या कपाळावर आठी नाही! चेहऱ्यावर काहीच नाही! मला वाटलं, बावीस वर्षांची नजर आहे, पसंत असेल तर आपण कोण?"

आम्ही धाकटीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. "मी तुम्हा दोघांकडे बघून," ती म्हणाली. "मी नवीन. मला कधी फरक दिसायचा, पण वाटायचं, माझंच चुकत असेल."

मोठ्या साहेबांनी पुरचुंडी उचलून बाजूला ठेवली.

"मग नाण्याकडे कोण बघत होतं?" त्यांनी विचारलं.

इतक्या हळू विचारलं की मला वाटलं, ओरडले असते तर बरं.

आठ महिन्यांत आमच्या चिठ्ठीने किती डब्या बंद झाल्या, त्या कुणाकुणाच्या कपाटात आहेत ते शोधून त्या सगळ्यांना पत्रं गेली. डब्या परत येऊ लागल्या. काही चिडलेल्या पत्रांसकट, काही नुसत्याच. साहेबांनी कुणाची खुर्ची काढली नाही. म्हणाले, "ज्यांनी बंद केल्यात त्यांनीच उघडायच्या." आणि आम्हा तिघांना डोळ्यांच्या डॉक्टरांचा दिवस ठरवून दिला. माझा सोमवार आहे. हे बरोबर येणार आहेत. "पायरी मी मोजीन, तू नुसती चढ," म्हणालेत. मला अजून भीती वाटते. नाणी दिसतात म्हणजे पुढे सगळं दिसतच राहील, असं कुणी सांगितलंय?

त्या गुरुवारी दिव्यापुढे मी फार वेळ बसले. आठ महिन्यांचं एकदम सांगायचं होतं. हे दाराआड होते, पण त्यांनी काही विचारलं नाही.

आज सकाळी पहिली परत आलेली डबी फोडली. आमच्या तिघांच्या मध्ये साहेबांनी जाड पुठ्ठे उभे केलेत. फौजदारांच्या मिशीचं टोकसुद्धा दिसत नाही. समोर साहेब एकटे उभे, आमची बोटं फक्त त्यांना दिसणार. खणात कापूर नाही. चिठ्ठ्या कसरीने खाल्ल्या तर खाऊ देत.

नाणं आजोबांशेजारी धरलं. तिरकं केलं. चेहरा, आरसा, त्यांच्यामधली रेघ. पालथं करून पुन्हा पाहिलं. दोन, असं मन म्हणालं. मग लगेच म्हणालं, की तीन? उजवा हात टेबलाच्या कडेवर होता आणि जुन्या सवयीने थांबला. मी डावीकडे पाहिलं. पुठ्ठा. उजवीकडे पुठ्ठा.

कुणी आधी उचलणार नव्हतं.

मी दोन बोटं वर केली. साहेबांनी पाहीपर्यंत ती तशीच धरून ठेवली.